बारा नंबरचा पाना

नट बोटांनीच फिरला. धाकट्याने तो पुन्हा फिरवून पाहिला.

तो गाडीखाली उताणा पडून होता. पुढच्या चाकामागे ब्रेकची नळी जिथे जोडलेली असते, तिथला हा नट. पान्याशिवाय हलायला नको होता.

म्हणजे आपणच सैल ठेवला.

दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि गाडी कठड्यावर गेली. जुनी गाडी, कधीतरी हे व्हायचंच होतं, असं सगळे म्हणाले. पण त्याच आठवड्यात ब्रेकचं काम धाकट्याने केलं होतं. भंगारवाला दाराशी आला, तेव्हा त्याने गाडी दिली नाही. घरच्या गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढवली आणि एकेक भाग सोडवत बसला. आपल्या हातून चूक झाली का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. तोवर वहिनीच्या नजरेला नजर देववत नव्हती.

त्याने टॉर्च जवळ धरला आणि तसाच थांबला.

नटाच्या कडा खाल्लेल्या होत्या.

गाडी विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, वडिलांनी हौसेने घेतलेली; दोघं भाऊ ती आळीपाळीने रविवारी बाहेर काढत. तिचे नट इंचाच्या मापाचे. बाजारातला मिलिमीटरचा पाना त्यांच्यावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कडा कुरतडतो. दोघा भावांना हे मिसरूड फुटण्याआधीपासून ठाऊक होतं. इंचाच्या पान्यांची निळी पेटी वेगळी असायची. तिच्यात परका पाना पडलेला दिसला, तर दादा अख्खं घर डोक्यावर घ्यायचा.

धाकटा बाहेर सरकला. कित्येक महिन्यांनी त्याला पुरता श्वास घेता आला.

बायको चहा घेऊन दाराशी आली होती. तिने कप बाकाच्या टोकाला ठेवला आणि हात मागे घेतला.

"अगं, मी नव्हतो," तो म्हणाला. "माझी चूक नव्हती."

"कशावरून?"

"कुणीतरी मिलिमीटरचा, बारा नंबरचा पाना लावलाय. दोनदा घसरलाय, मग नट सुटलाय. खुणाही सोडवायच्या बाजूच्याच आहेत. आणि हातात जोर नव्हता त्या माणसाच्या. पुरुषाचा हात नाही हा."

"जाऊ द्या ना आता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "गेलेलं माणूस परत येणार आहे का?"

"जाऊ द्या?" त्याने हातातलं फडकं भिंतीवर भिरकावलं. ती दचकली नाही. सवयीने एक पाऊल मागे सरकली, इतकंच.

तो गॅरेजमध्ये येरझारा घालू लागला. गाडीखाली तेलाचे ठिपके पडलेले होते, हे त्या आठवड्यात दोघांनीही पाहिलं होतं. दादा हसला होता. "विलायती बाई आहे रे, बसेल तिथे डाग पाडणारच." मग दोघं हसले होते.

वहिनी मात्र हसत नसे. "माझी सवत आहे ही," असं ती येता-जाता म्हणायची. "आणि दीर मेला तिचे लाड पुरवायला टपलेलाच." सगळे ते थट्टेवारी न्यायचे. धाकट्यालाही त्यात आजवर थट्टाच दिसली होती.

त्याची नजर खुंटीकडे गेली. तिच्याखाली भिंतीला वहिनीची सायकल टेकवलेली होती. सीटखाली पान्यांची छोटी पिशवी. त्याने ती सोडून बाकावर उलगडली. आठ, नऊ, दहा, अकरा, तेरा, चौदा. प्रत्येक पाना आपापल्या कप्प्यात. बाराचा कप्पा रिकामा.

"बघ," तो म्हणाला. "बघ, म्हटलं."

बायकोने पाहिलं.

"काय बिघडवलं होतं गं दादाने तिचं? आणि वर्षभर माझ्यासमोर बसून रडते. मला म्हणते, भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्याचा आवाज चिरकला. "त्या दिवशी मी तापाने फणफणलो नसतो, तर तो गेलाही नसता."

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. तो पलंगावर पडलेला. खालून गाडी निघाल्याचा आवाज. मग बाजारातून बायको आली, खोलीच्या दारात उभी राहिली, आणि त्याला बघून तिच्या हातातली पिशवीच गळून पडली. टोमॅटो खोलीभर गडगडले होते. "तुम्ही घरी?" एवढंच कसंबसं म्हणाली होती. साध्या तापाने एवढी घाबरली. बायको घुमी आहे, पण जीव लावते, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"वहिनीला खाली बोलाव," तो म्हणाला. "नको. आधी पोलिसांना फोन करतो. मग बोलू तिच्याशी."

त्याने बाकावरचा फोन उचलला.

"थांबा," बायको म्हणाली.

ती पुढे आली. जिन्यावरून पडल्यापासून तिचं उजवं मनगट पुरतं वळत नसे. जिन्यावरून पडली, असं घरात सगळेच म्हणत. तिने डाव्या हाताने शिलाई मशीनचा खण उघडला. मशीन दिवाणखान्यात मावत नाही म्हणून तिथेच, गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेलं. खणातून तिने काहीतरी काढलं आणि कपाशेजारी ठेवलं. टण्ण असा आवाज झाला.

बारा नंबरचा पाना.

"त्या माउलीला यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच मऊ होता. "आणि तो रविवार तुमचा होता. गाडी तुम्ही नेणार होता."