पहिल्या पानावरचा फोटो

वेबसाइट दुरुस्त करायला आलेली मुलगी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून ग्लासात पाणी ओतायला गेली, आणि पाणी ग्लासाशेजारी टेबलावर पडलं.

"तांब्याचं तोंड आधी ग्लासाच्या काठाला टेकव, मग ओत," काकू फडकं फिरवत म्हणाल्या. "आणि सकाळपासून हे काय सोंग आणलंयस?"

"तुमच्या साइटवर येणारा माणूस एका डोळ्यानं वाचतो ना, काकू. म्हणून मीही तसंच वाचून बघतेय."

खिडकीपाशी काकांचा ब्रश थांबला. काका कृत्रिम डोळे बनवत. माणूस समोर बसवायचा, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत दुसरा अगदी तस्सा रंगवायचा, आणि पांढऱ्या भागात शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू एकेक करून बसवायचे. बत्तीस वर्षं हेच काम. पण तीन महिन्यांत एकही नवा माणूस जिना चढून आला नव्हता. असंच चाललं तर पहिल्या तारखेपासून काका एका दवाखान्यात नोकरीला लागणार होते. तिथे कारखान्यातून आलेले तयार डोळे डब्यातून निवडायचे आणि बसवायचे, एवढंच काम.

"बत्तीस वर्षांत मला स्वतःचा डोळा बांधून बघायचं सुचलं नाही," काका म्हणाले. कौतुकाच्या बाबतीत हा माणूस एक नंबरचा कंजूष, त्यामुळे मुलीला आधी ती थट्टाच वाटली.

पट्टी बांधली आणि साइटचं सगळं पितळ उघडं पडलं होतं. करड्या पानावर करडी बारीक अक्षरं. बटणं इतकी जवळजवळ की बोट एकावर ठेवावं तर दुसरंच दाबलं जाई. फोन नंबर शोधायला दिवा घेऊन बसावं लागे. आणि उघडल्या उघडल्या समोर काय, तर मखमलीवर मांडलेले अठरा सुटे डोळे, सगळे आपल्याकडे रोखून बघणारे. ज्याच्या मुलीचा डोळा चार दिवसांपूर्वी काढलाय, त्या बापानं ते बघून साइट बंद केली तर त्याला दोष कसा द्यायचा?

मुळात तो बाप इथवर पोचतच नव्हता. काकांनी प्रत्येक पानावर 'नेत्र-प्रतिकृती निर्मिती' असं भारदस्त लिहून ठेवलं होतं. अडलेला माणूस सर्चमध्ये असले शब्द टाकत नाही. मग टाकतो काय? मुलीनं ते काकांना विचारलंच नाही. इतकी वर्षं फोन घेणाऱ्या काकूंना विचारलं.

काकूंना आठवावंही लागलं नाही. "लोकांना कळेल का. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. दुखेल का, हे मागाहून विचारतात."

आता पानाच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरांत तेच होतं: लोकांना कळेल का? त्याखाली काकूंनी फोनवर ऐकलेले बाकीचे प्रश्न, माणसं विचारतात त्याच शब्दांत, आणि काकांची साधी उत्तरं. बोट चुकणार नाही एवढं एक मोठं बटण.

काका चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. "माझी पदकं कुठे गेली?"

"खाली आहेत."

"किती खाली?"

"बरीच."

काका आणखी खाली वाचत गेले. मग हळूच म्हणाले, "बरं वाटतंय वाचायला. कुणीतरी जवळ बसून सांगतंय असं."

"फक्त फोटो राहिलाय. हे सुटे डोळे नकोत. तुम्ही डोळा बसवलेला एक हसता चेहरा हवा."

"तो नाही मिळायचा," काका म्हणाले. "कुणाला कळू नये म्हणून तर लोक माझ्याकडे येतात. पुढे रस्त्यात भेटले तरी ओळख दाखवत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं."

मुलीचा हात थांबला. आपल्या मालाचा डंका पिटणारी दुकानं तिनं पैशाला पासरी पाहिली होती. इथे काम जेवढं चोख, तेवढं दाखवायला कमी. या माणसाविषयी तिला मनापासून आदर वाटला, आणि काय करावं ते काही सुचेना.

"माझा लाव," काकू म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस," काका एकदम म्हणाले. "तुझ्या जावांना माहीत नाही, लेकीच्या सासरी माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं जपलंस ते आता साऱ्या जगाला दाखवणार?"

"तुम्ही डब्यातले डोळे वाटत बसणार. त्यापेक्षा हे परवडलं."

मुलीला उमजायला क्षणभर लागला. गेले तीन दिवस ती याच बाईच्या समोर बसून चहा पीत होती.

तिनं पट्टी सोडली, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं. दोन्ही तपकिरी. दोन्ही ओलसर, दोन्ही तिच्याकडे बघून जराशी मजा करणारे. एका बुबुळाभोवती वयाची फिकट कड आली होती. दुसऱ्याभोवतीही होती. म्हणजे काकू म्हाताऱ्या होत गेल्या तशी ती कडही कुणीतरी बसून रंगवली होती.

"काकू, कोणता?"

काकूंनी हातानं केस सारखे केले आणि उजेडाकडे तोंड करून बसल्या.

"आधी फोटो काढ," त्या म्हणाल्या. "आणि खाली तुझा हाच प्रश्न लिही."