आईची नजर

पहिला ड्रोन हरवल्यावर दुसरा हातात देताना लेकीने बजावलं, "बाबा, तुमचं डोकं सगळा वेळ स्क्रीनमध्ये. म्हणून ड्रोनवर नजर आईची. तिला दिसेनासा झाला, की लगेच माघारी आणायचा."

तेव्हापासून मैदानावर बाबा बटणं दाबत आणि आई डोळ्यांत तेल घालून वर बघत उभी.

"दिसतोय ना गं?"

"दिसतोय हो."

आज बाबांनी ड्रोन पार पाण्याच्या टाकीपलीकडे फिरवून आणला, मागच्या गवतात अलगद उतरवला आणि पिशवीत भरला. "तू होतीस म्हणून एवढं धाडस केलं. चल घरी."



आई मान वर करूनच म्हणाली, "अहो, आधी त्याला खाली तर घ्या. मघापासून पंख पसरून गिरक्या घेतोय बिचारा."