पोपटीचा वास

"पोपटी नाकाने काढायची असते, फोनने नाही," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, तसे शेजारचे हिराजीकाका हसले. पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरताना मी कोंबडीच्या तुकड्यात बिनतारी थर्मामीटरची सळई खोचली होती. आता ते मडकं शेतात पालथं होतं, भोवती जाळ पेटला होता आणि आतली उष्णता माझ्या फोनवर दिसत होती.

फोन मोठ्याने वाजला. कोंबडी शिजली होती.

"बंद कर ते!" बाबा खेकसले. "वास सुटला की मी सांगेन. गावची पोपटी आजवर मीच काढलीय."

मी फोन बंद करून खिशात ठेवला. थोड्या वेळाने पाला करपल्याचा वास यायला लागला. हिराजीकाका चुळबुळले. बाबा मात्र जाळाकडे तोंड करून पुन्हा पुन्हा श्वास ओढत होते. "अजून नाही. घाई करू नका."

मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. सकाळी दूध करपून घरभर वास सुटला, तेव्हा बाबा शेगडीशेजारीच पेपर वाचत बसले होते.

"बाबा, मला वाटतं सुटला वास," मी म्हणाले.

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. "हो, आत्ताच सुटला."

शेंगा काळ्याठिक्कर पडल्या होत्या. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

हात धुताना बाबा माझ्याजवळ आले.

"ते यंत्र माझ्या फोनला जोडून दे," ते हळूच म्हणाले. "त्याचा आवाज तेवढा बंद ठेवता येतो ना?"