ताईची सही

भूकंपाला सहा तास उलटले, तरी परदेशी बचावपथक कुत्र्यांसकट विमानतळावरच्या परवाना कक्षासमोर खोळंबलं होतं. नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: बाधित जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानं सहीनिशी मदत मागितल्याशिवाय शिक्का नाही. आणि अधिकारी म्हणजे इथल्या कारकुनाची सख्खी ताई, कचेरीसकट ढिगाऱ्याखाली. शाळेत तिनंच त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली होती; आज मागणीपत्रावर त्यानं तिची ठोकली. साहेबांनी शिक्का उचलला. हात हवेतच थांबला. “अरे, सही भूकंपानंतरची की! म्हणजे बाई ठणठणीत, कचेरी शाबूत. मग हे पाहुणे नि त्यांची कुत्री कशाला?” शिक्का खणात गेला. कारकून टेबलापाशी सरकला. खरं बोलावं तर तुरुंग, गप्प बसावं तर ताई... त्यानं खण ओढला, शिक्का कागदावर आपटला. “बेड्या मागवा, साहेब. सही खोटी आहे, शिक्का खरा!”