कोनाड्यातला म्हातारा

“काम कसलं ते तरी सांगा, बाबा,” लोविसा म्हणाली.

“जुनंच,” सासरा इसाकी म्हणाला. “चर्चात. तू पोरीला उठव नि भाकरी टाक. आज सालीची नको, खरी.”

इसाकीने लाकडी पायाचा पट्टा आवळला आणि अंधारातच निघून गेला. कोपऱ्यात पिठाची अर्धी गोणी उभी होती. चर्चचा राखणदार कुस्ता काल संध्याकाळी ती पाठीवर घेऊन आला होता, आणि बाहेर बर्फात म्हाताऱ्याशी बराच वेळ कुजबुजत होता.

खऱ्या धान्याचं पीठ. हिवाळाभर या घराने पाइनच्या सालीची भाकर खाल्ली होती. लोविसाचा नवरा तापाने गेला. धाकटं पोर सालीने गेलं. आता सान्ना उरली होती, पाच वर्षांची, काडीसारखे हातपाय आणि नगाऱ्यासारखं पोट. ती जगली तर या पिठावरच जगणार होती.

लोविसाने पाद्रीबाबांचे उंबरे झिजवले होते. इसाकीचा जन्म दुसऱ्या गावचा, तेव्हा त्याला आणि त्याच्या घरातल्या तोंडांना त्या गावाने पोसावं, असा कायदा त्यांनी तिला समजावून सांगितला. चांगल्या गोड आवाजात.

आणि याच गावाने वीस वर्षांपूर्वी इसाकीलाच समोर उभं करून चर्चच्या दाराशी ठेवायला लाकडी भिकारी कोरून घेतला होता. निळा कोट, पिवळी बटणं, एक पाय खुंटाचा, पुढ्यात दानाची लोखंडी पेटी. कोरणाऱ्याने मजुरी म्हणून इसाकीला दारू पाजली. तेव्हापासून लोक लाकडी इसाकीच्या पेटीत नाणी टाकत आणि जित्या इसाकीला बघून रस्ता बदलत.

यंदा बिशप पाहणीला येणार म्हणून तो लाकडी भिकारी शहरातल्या रंगाऱ्याकडे धाडला होता. गावात घराघरातून शवपेट्या निघत होत्या आणि पाद्रीबाबांना लाकडाच्या गालावरचे पोपडे दिसत होते! मग वादळ झालं, रस्ता बुजला. दोन रविवार दाराशेजारचा कोनाडा रिकामा राहिला आणि कुस्ताच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आज लोविसा सान्नाला घेऊन पोचली तेव्हा कोनाडा भरलेला होता आणि लोक कौतुकाने थबकत होते.

“बाई, बाई! कोट बघा, रंग अजून ओला दिसतोय,” मोठ्या वाड्यातली मालकीण म्हणाली. “आणि डोळ्यांत पाणीसुद्धा रंगवलंय हो!”

“एवढ्या पैशात रंगाऱ्याने तुमचाही चेहरा रंगवून दिला असता,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

थंडी अशी होती, की थुंकलेली थुंकी भुईवर पडेपर्यंत खडा व्हावी. भिकाऱ्याच्या दाढीवर हिम साचलं होतं. सान्नाने हात हलवला. “आजोबा!” ती या भिकाऱ्याला नेहमीच आजोबा म्हणे. मग ती खुदकन हसली.

“काय झालं ग?”

“काही नाही,” सान्ना म्हणाली आणि मिटल्या तोंडाने हसत राहिली.

बिशपची बर्फावरची घसरगाडी आली. त्यांनी भिकाऱ्याला खालीवर न्याहाळलं आणि पेटीत चांदीचं नाणं टाकलं. “हा तर आत्ता बोलेल असं वाटतंय.”

“गावाचा दानधर्म आहे, महाराज,” पाद्रीबाबा म्हणाले.

आत बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. लोविसाने मान उंचावून उजव्या बाकांवर इसाकीला शोधलं. तो दिसला नाही. सरपण फोडत असेल मागे, तिला वाटलं.

प्रवचनाच्या मंचावर वाळूचं घड्याळ होतं. वाळू संपली तसं पाद्रीबाबांनी ते उलटं केलं. पुन्हा संपली, पुन्हा उलटं केलं. बिशपसमोर कमी बोलून कसं चालेल?

प्रवचन आटोपलं. लोक उठू लागले, तर पाद्रीबाबांनी त्यांना हाताने खाली बसवलं. आता ते बिशपना एकेक वस्तू दाखवणार होते. हा मंच डांबर वाहणाऱ्या फुटक्या नौकेच्या फळ्यांचा, कोरणारा आंधळा होता म्हणतात. वेदीमागचं हे चित्र, यात शेवटच्या भोजनाला बसलेल्यांचे चेहरे जुन्या जमीनदारांचे. हे पितळी झुंबर एका विधवेने दिलं. दाराशी दारुड्यांचे पाय अडकवायचा हा खोडा, अजून वापरात. प्रत्येक वस्तूला सनावळी होती, दाता होता, दात्याचा बाप होता.

कुस्ता दोनदा दाराकडे निघाला. दोन्ही वेळा पाद्रीबाबांनी त्याला डोळ्यांनीच जागेवर बसवलं. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

शेवटी बिशप आडबाजूच्या दाराने जेवायला गेले. लोक पांगले. लोविसाने कुस्ताला पायऱ्यांवर गाठलं.

“कुस्ताभाऊ, आमचे बाबा कुठं राबतायत? भाकरी आणलीय त्यांच्यासाठी.”

कुस्ता तिच्याकडे बघेना. “येतील... जा तू. पोरीला थंडी बाधेल. मी आणतो त्यांना.”

“कुठून आणता?”

कुस्ताची नजर कोनाड्याकडे गेली.

सान्ना कोनाड्यापाशी उभी होती. तिने आपल्या वाटणीचा भाकरीचा तुकडा लोखंडी पेटीवर ठेवला होता.

“आई, मघाशी आजोबांनी डोळा मिचकावला होता. आता मिचकावतच नाहीत.”

“लाकूड कुठं डोळा मिचकावतं, वेडे? चल.”

तेवढ्यात शहराच्या वाटेने घंटा किणकिणली. घामाने पांढरा पडलेला घोडा, मागे गाडी, गाडीवर गवतात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. शहरातला रंगारी हेर्मन्नी मिशांवरचं बर्फ झाडत खाली उतरला.

“कुस्ता, शिव्या नंतर दे, वादळात अडकलो होतो!” तो ओरडला आणि त्याने गवत बाजूला सारलं. आत निळा कोट होता, पिवळी बटणं होती. “हा घ्या तुमचा भिकारी. उचला आता, आणि तो कोनाडा जरा रिकामा करा.”