विहीरवाले

“विहीरवाले दार लावणार नाहीत,” उन्नती म्हणाली. “कुणाच्याही तोंडावर नाही.”

शंतनुने डोळे चोळले. स्टुडिओ त्याचा होता. पाटणकर बाजारातल्या कापडदुकानांच्या वर, एका लांबोड्या खोलीत सात-आठ जण तीन वर्षं एकच व्हिडिओ गेम बनवत होते. गेममध्ये जग संपलं होतं. नद्या आटल्या होत्या, शहरं ओस पडली होती आणि उरलेली माणसं टोळ्या करून राहत होती. टोळ्या उन्नतीच्या होत्या. कोणती टोळी काय खाते, मेलेल्यांचं काय करते, कशाची शपथ घेते, सगळं तिने ठरवलेलं. एखाद्या पात्राच्या तोंडी टोळीला न शोभणारं वाक्य आलं, की ती ते काढून टाकायची.

विहीरवाल्यांचा नियम एकच होता. आलेल्याला आधी पाणी, मग आपण.

“यार उन्नती, शेवटच्या भागात विहीर आटत चाललीय,” शंतनु म्हणाला. “तळाशी थोडंसं उरलंय. अशा वेळी कोणीही दार लावेल. लॉजिक तो है ना?”

“तुझ्या-माझ्यासाठी आहे. त्यांच्यासाठी नाही. पाणी भरपूर असताना कोणीही देतं. आटल्यावर देतात, म्हणून तर ते विहीरवाले. इथे बदललंस तर आधीचं सगळं खोटं पडेल.”

कूलर नुसता गरम हवा फेकत होता. शंतनु पडद्याकडे वळला. मग त्याने तो अख्खा प्रसंग पुसून टाकला.

“ठीक आहे. तू जिंकलीस. मरू देत त्यांना तहानेने.”

“मरतील,” उन्नती म्हणाली. “पण दार उघडं ठेवून.”

हरिशंकरपुरमला ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं, रस्ता मात्र अजून तापलेला होता. गाडी लावताना तिला भिंत वेगळी दिसली. जयसिंहरावांनी, तिच्या बाबांनी, बोरिंगला पहिल्यांदा पाणी लागलं त्याच आठवड्यात कंपाउंडच्या भिंतीतून रस्त्याच्या बाजूला एक नळ काढला होता. उन्हाळ्यात अर्धी गल्ली त्या नळावर पाणी भरायची. कधी कोणाला विचारावं लागलं नाही. उन्नतीने विहीरवाले इथूनच उचलले होते. शंतनुला हे माहीत नव्हतं, बाबांनाही नाही.

आज नळ नव्हता. भोकात लोखंडी बूच घट्ट बसवलेलं होतं.

बाबा अंगणात चादर पिळत होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, अजून ताठ. आतल्या खोलीत आई, मंदाताई, होळीपासून पलंगावर होत्या. उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. दिवसाला चार चादरी निघायच्या.

“बाबा, नळ?”

“काढला.”

“का?”

“मोटार चालू केली की थोड्याच वेळात हवा ओढते. मिस्त्री येऊन गेला. म्हणाला, पावसापर्यंत पुरलं तर नशीब समजा.” त्यांनी चादर झटकली. “तुझ्या आईला मी घाणीत ठेवणार नाही.”

“पण लोकांना काय सांगायचं?”

“मोटार जळाली म्हणून सांग.”

“खोटं?”

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “मग खरं सांग. सांग की आहे, पण तुम्हाला देत नाही. जमेल तुला?”

पत्र्याचं फाटक वाजलं. उन्नतीने ते वीतभर उघडलं.

समोरच्या शालिनीकाकू होत्या. सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या. हातात रिकामी बादली. “उन्नती, बेटा, नळ दिसत नाहीये बाहेरचा. आतून देतेस का थोडं? आज सप्लाय आलाच नाही. टँकरवालाही फोन उचलेना.”

उन्नतीने मागे पाहिलं. बाबा पाठ फिरवून चादर वाळत घालत होते. तारेवर पसरलेली चादर ते पुन्हापुन्हा सारखी करत होते. आतून आईचा तो नेहमीचा घोगरा आवाज आला. आणखी एक चादर.

“काकू, मोटार जळाली,” उन्नती म्हणाली.

आपला आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही. तिने आणखी एक वाक्य जोडलं, कोणी मागितलं नसताना. “सकाळपासून आमच्याकडेही थेंब नाही.”

“अरे देवा!” काकूंनी बादली खाली ठेवली. “आणि मंदाताईंचं कसं करताय मग?”

काकूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. बादली तिथेच सोडून त्या रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या घराचं दार वाजलं, आत भांड्यांचा आवाज झाला. तेवढ्या वेळात उन्नतीला खरं सांगता आलं असतं. ती फाटकाला धरून उभी राहिली.

काकू आल्या त्या कमरेवर कळशी घेऊन, एका बाजूला झुकत. कळशी गळ्यापर्यंतही भरलेली नव्हती.

“पिण्याचं काढून ठेवलेलं एवढंच आहे. घे. माझं काय, एकटीचं, निघेल रात्र.”

बाबांचे हात तारेवर थांबले होते, पण ते वळले नाहीत.

उन्नतीने फाटक अर्धवट उघडलं, आतली भरलेली पिंपं दिसणार नाहीत इतकंच, आणि कळशी घेतली.