तांब्याभर पाणी

"वास कसला येतोय?" घरमालक काकासाहेब दारातच थबकले.

जनावर पाळायचं नाही, या बोलीवरच तनुजाला गारखेड्यातल्या या खोल्या मिळाल्या होत्या. जिन्यावर त्यांची पावलं ऐकून मनी मांजरीला तिनं घाईघाईनं कपाटात कोंडलं होतं, पण सासूबाईंच्या खाटेखालचा ओला डाग पुसायचा राहिला होता. मनीचा वाळूचा ट्रे घाण झाला होता, म्हणून ती ट्रेबाहेरच मुतायची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ट्रे धुवायला आशाबाई सुनेला तांब्याभरही घेऊ देत नव्हत्या. "हाकल त्या मांजरीला," एवढंच त्यांचं म्हणणं.

"मांजरबिंजर पाळलंय का?" काकासाहेबांनी थेट आशाबाईंनाच विचारलं.

आता त्या सांगून टाकणार, असंच तनुजाला वाटलं. तेवढ्यात कपाटातून खरडल्याचा आवाज आला. आशाबाई जोरात खोकल्या.

"मांजर कुठलं? माझंच झालंय ते. या वयात धरवत नाय हो मला."

काकासाहेब कानकोंडे झाले आणि "असू द्या, असू द्या" म्हणत जिना उतरले.

आशाबाईंनी स्वतःच पिंपाचं झाकण काढलं आणि अख्खी बादली भरून तनुजापुढं ठेवली.

"धू तो ट्रे आधी. आता ती कुठंबी मुतली तरी नाव माझंच हाय."